नागिणीचा विळखा आणि लसीचा हिशेब

पर्युषण पर्वाला एक दिवस उरला असताना शहापूरच्या पेठेतील एका भुसार व्यापाऱ्याच्या छातीत डाव्या बाजूस जळजळ सुरू झाली. वय ६८. दुकान वडिलांपासूनचे, किन्हवली, डोळखांबकडचे भात हंगामात याच गादीवर येते. मुलाने घाबरून त्यांना डॉक्टरांकडे नेले, हृदयाचा आलेख काढला, तो निर्दोष निघाला. पित्त असावे असे ठरले आणि घर निश्चिंत झाले. दुसऱ्या दिवशी शेठजींनी सलग बाराव्या वर्षी अठ्ठाईचे पच्चक्खाण घेतले. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. अशी घरे शहापुरात आहेत, मुरबाडात आहेत, आणि हे वाचणाऱ्यांच्या नात्यागोत्यातही असतील.

तिसऱ्या दिवशी पाठीच्या कण्यापासून बगलेखालून छातीपर्यंत लालसर पट्टा उमटला आणि त्यावर पाणीदार फोडांचे घोस आले. स्नानाच्या वेळी ते पाहताच घरातल्या वृद्ध काकींनी एका शब्दात निदान केले, "नागीण." निदान अचूक होते. पुढे जे झाले ते मात्र अचूक नव्हते.

मुलगा म्हणाला, "बाबूजी, आत्ताच डॉक्टरांना दाखवू या." शेठजींनी मान हलवली. "डॉक्टर पहिल्यांदा गोळी आणि पाणी सांगतील. अठ्ठाई मोडेल. संवत्सरी होऊ दे, मग पाहू." महामार्गापलीकडच्या पाड्यावर नागीण उतरवणारा एक जाणकार होता. त्याच्या उपायात पोटात काहीच घ्यायचे नव्हते. त्याने गेरू लावला, मंत्र टाकला आणि नागिणीचे तोंड व शेपूट जुळू द्यायचे नाही, एवढे बजावून गेला. शेठजींचा उपवास अखंड राहिला. सूर्यास्तापूर्वी उकळलेले पाणी, दिवसभर सामायिक, रात्री डाव्या कुशीला न टेकता काढलेली झोप, असे सहा दिवस गेले.

तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत ठाणे जिल्ह्यातच नव्हे तर साऱ्या महाराष्ट्रात आहे आणि तिच्या धाकाने माणसे आजही जाणकाराचा उंबरा आधी गाठतात. वस्तुतः हा विळखा पूर्ण होतच नाही. पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक तंतू उजव्या अंगाला व एक डाव्या अंगाला जातो आणि शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतो. नागीण बहुधा एकाच बाजूच्या एका तंतूच्या वाटेने उमटते. म्हणून तिचा पट्टा अर्धाच. कॅन्सरवरील उपचार घेणाऱ्या किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णाच्या अंगभर फोड उठू शकतात आणि ते खरोखर धोक्याचे असते. पण तेथेही विळखा जुळल्याने नव्हे, विषाणू मोकाट सुटल्याने. जाणकाराला यश का येते, याचेही उत्तर साधे आहे. फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात. गेरू लावला तरी सुकतात, दूर्वा व तांदूळ वाटून लावले तरी सुकतात, काही न लावले तरीही सुकतात. श्रेय शेवटच्या उपायाला मिळते.

हा आजार येतो कोठून, हे कळण्यात एका खेड्यातल्या वैद्याचा मोठा वाटा आहे आणि त्याचे साधन व्यापाऱ्याला ओळखीचे वाटावे असे होते. ते साधन म्हणजे रोजची नोंदवही. इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या लहान गावात एडगर होप-सिम्पसन हे सामान्य डॉक्टर होते. सुमारे साडेतीन हजार वस्तीतील नागिणीचा प्रत्येक रुग्ण त्यांनी १९४७ पासून १९६२ पर्यंत १६ वर्षे टिपून ठेवला. १९२ रुग्ण झाले. शेटलंडमधील येल या दूरच्या बेटावरही त्यांनी शोध घेतला. १९६५ साली त्यांनी मांडले की नागीण बाहेरून लागत नाही. बालपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी निद्रिस्त राहतो. वय वाढले, प्रतिकारशक्ती मंदावली की तोच पुन्हा जागा होतो. ८५ वर्षांपर्यंत जगणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो कधी ना कधी गाठील, असा त्यांचा अंदाज होता. थोडक्यात, कांजिण्या येऊन गेलेल्या प्रत्येकाच्या शरीरात हे जुने देणे शिल्लक असते. मधुमेह असला तर तगादा लागण्याचा संभव काहीसा अधिक, आणि व्यापारी घरांत मधुमेह किती आहे हे सांगायला नको.

रुग्णापासून दुसऱ्याला नागीण होत नाही. मात्र ज्याला कांजिण्या कधी आल्या नाहीत आणि त्यांची लसही दिलेली नाही, अशाला फोडांतील द्रवाच्या संपर्कातून कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड कापडाने झाकावेत आणि घरातील गर्भवती सून व तान्ही मुले यांना जपावे. शेठजींच्या घरी ही काळजी काकींनी घेतली. त्यांना विषाणू ठाऊक नव्हता, पण सोवळे ठाऊक होते.

संवत्सरीचे प्रतिक्रमण झाले, क्षमायाचना झाली, पारणे झाले, आणि मग शेठजी डॉक्टरांसमोर बसले. अंगावर पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूरोधक गोळ्या सुरू व्हाव्यात असा दंडक आहे. आता सहा दिवस उलटले होते. काही फोड नवे दिसत होते, म्हणून डॉक्टरांनी तरीही त्या दिल्या. असायक्लोव्हिर असेल तर दिवसातून पाच वेळा, व्हॅलासायक्लोव्हिर असेल तर तीन वेळा, सात दिवस. आणि भरपूर पाणी, कारण पाण्याच्या अभावी हे औषध मूत्रपिंडांत साचून इजा करू शकते. उपवासाच्या अंगी या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणेही म्हणूनच योग्य नव्हते. शेठजींचा आजन्म चौविहार. डॉक्टरांनी मूत्रपिंडांची तपासणी करून तीन वेळांची गोळी निवडली आणि तिच्या वेळा सूर्योदय ते सूर्यास्त यांत बसवून दिल्या. विचारले असते तर ही सोय पहिल्या दिवशीही निघाली असती.

पुढे गावात विराजमान असलेल्या महाराजसाहेबांना वंदन करण्यास शेठजी गेले, तेव्हा महाराजसाहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की तिसऱ्या दिवशी मला का विचारले नाही? पच्चक्खाणात आगार असतात. तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषधाची मोकळीक त्यांतच ठेवलेली आहे. रोज पच्चक्खाण घेणाऱ्यास हे माहीत असते. शेठजींनाही माहीत होते. परंतु बारा वर्षांच्या सातत्याचा एक अभिमान असतो आणि तोही तपाच्या वेषात येतो.

वेळेवर गोळ्या घेतल्या असत्या तर पुढचे सर्व टळलेच असते, असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. लवकर दिलेल्या औषधाने फोड लवकर भरतात व सुरुवातीच्या वेदना कमी होतात, हे निश्चित. नंतर उरणारा ठणका त्याने थांबतोच, असा पुरावा नाही. डोळ्याची गोष्ट वेगळी. कपाळावर, पापणीवर अथवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठला पाहिजे. तेथे एका दिवसाचा विलंब दृष्टीवर बेतू शकतो.

खपल्या पडल्या, डाग फिकट झाले, आणि लोक "बरे झाले" म्हणू लागले तेव्हा खरा आजार सुरू झाला. फोड गेल्यानंतर तीन महिन्यांहून अधिक टिकणारी वेदना सुमारे दहा ते अठरा टक्के रुग्णांच्या वाट्याला येते आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढते. हा ठणका बाहेरून दिसत नाही. सदऱ्याचा स्पर्श विस्तवासारखा लागे, म्हणून शेठजी हिवाळ्यातही गादीवर पातळ मलमली उपरणे घेऊन बसत. पंख्याचा वारा सोसेना. शहापूरहून किन्हवली, सरळगावमार्गे मुरबाडला बहिणीकडे जाण्याचा रस्ता पस्तीस-चाळीस किलोमीटरचा. एका खड्ड्याला अंगात वीज चमके, म्हणून भाऊबीजेला त्यांनी जाणे टाळले. मानस मंदिराच्या बाजूने विहार करीत येणाऱ्या साधु-साध्वींच्या वैयावच्चेला ते कधी चुकले नव्हते; त्या हिवाळ्यात मुलाला पाठवू लागले. गिऱ्हाइकावर चिडणे हा त्यांचा स्वभाव नव्हता, तोही झाला. पेठेत कोणी म्हणे, शेठजींनी मनाला लावून घेतले आहे. मज्जातंतूची इजा कोणाला दिसत नाही आणि न दिसणाऱ्या दुखण्याला समाज फार लवकर मनाचा खेळ ठरवतो.

यावर उपचार आहेत. प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन, कमी मात्रेतील अमिट्रिप्टिलिन, कातडी बधिर करणाऱ्या पट्ट्या. यांनी वेदना निम्म्यावर आली तरी ते यश समजतात. त्यांनी झोप येते, चक्कर येते, तोंड कोरडे पडते. मंदिराच्या पायऱ्या उतरताना शेठजींना दोनदा भिंत धरावी लागली. रात्री झोपताना घ्यायचे औषध डॉक्टरांनी चौविहाराच्या आधी, सायंकाळच्या भोजनासोबत देऊ केले. आणखी एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. पाचव्या दिवशी शेठजींनी औषधाची टोपणी बोटांत फिरवून विचारले, "हे कशाचे आहे?" बाजारातील बहुतेक टोपण्या जिलेटिनच्या असतात आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होते. कल्याणच्या एका औषध दुकानातून त्याच औषधाची साधी गोळी मिळाली, पण पाच दिवसांच्या टोपण्या पोटात गेलेल्या होत्या. अंडे असेल म्हणून बिस्किटाचे वेष्टन वाचणाऱ्या घरात औषधाचे वेष्टन कोणी वाचले नव्हते.

वैशाखात मुरबाडची बहीण भावाला पाहण्यास आली. वय ६२, दहा वर्षांचा मधुमेह, लहानपणी दोघा भावंडांना एकाच महिन्यात कांजिण्या आलेल्या. भावाची अवस्था पाहून ती म्हणाली, "भाईसा, टीव्हीवर त्या लसीचे सांगतात. मी घेऊ का?" शेठजी म्हणाले, "बाई, आधी नीट माहिती काढ. मी माहिती न काढता सहा दिवस घालवले."

तेव्हा दोन्ही घरांनी जी माहिती काढली, ती येथे विस्ताराने देण्यासारखी आहे.

भारतात एप्रिल २०२३ पासून पन्नास वर्षांवरील व्यक्तींसाठी शिंग्रिक्स ही लस उपलब्ध आहे. ती जिवंत विषाणूची नाही. विषाणूच्या आवरणातील एका प्रथिनापासून बनविलेली आहे. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दंडात दोन टोचण्या घ्याव्या लागतात. पन्नाशीपुढील १५,४११ जणांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाले. सुमारे सव्वातीन वर्षांत, ज्यांना खोटी टोचणी दिली त्या ७,७१३ जणांपैकी २१० जणांना नागीण झाली. ज्यांना खरी लस दिली त्या ७,६९८ जणांपैकी ६ जणांना. सत्तरीपुढील लोकांच्या स्वतंत्र चाचणीत संरक्षण सुमारे ९० टक्के आढळले. अकराव्या वर्षापर्यंतच्या पाहणीतही त्याचा मोठा भाग टिकून असल्याचे दिसले.

हे आकडे व्यापाऱ्याच्या डोळ्यांनी दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. २१० विरुद्ध ६ ही बाजू भारी आहे यात शंका नाही. पण लस न घेतलेल्या दर शंभरांपैकी सत्त्याण्णव जणांना त्या सव्वातीन वर्षांत नागीण झालीच नव्हती, हेही त्याच वहीत लिहिलेले आहे. साठीच्या माणसापुढे मात्र सव्वातीन नव्हे, वीस-पंचवीस वर्षे असतात आणि धोका दर वर्षी साचत जातो. त्या चाचणीच्या १८ देशांत भारत नव्हता, हेही नमूद करावे.

त्रासाची बाजू. दंड दुखतो, अंग मोडून येते, ताप येतो. दोन-तीन दिवसांत उतरतो. चाचणीत लस घेतलेल्या शंभरांपैकी सतरा जणांना हा त्रास नित्याची कामे थांबावीत इतका झाला. अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०२१ मध्ये गिलाँ-बारे या मज्जातंतूंच्या दुर्मिळ विकाराचा इशाराही जोडला; ६५ वर्षांवरील लोकांत दहा लाख मात्रांमागे सुमारे तीन जादा रुग्ण, असा अंदाज आहे. लसीने स्मृतिभ्रंश टळतो, असे संदेश भ्रमणध्वनीवर फिरतात. वेल्समधील नोंदींवरून एप्रिल २०२५ मध्ये तसे संकेत देणारा अभ्यास प्रसिद्ध झाला हे खरे. पण तो आधीच्या, जिवंत विषाणूच्या लसीबद्दल होता. केवळ त्या आशेने टोचून घेण्यात अर्थ नाही.

खर्च हा खरा अडसर. शासकीय लसीकरणात ही लस नाही. दोन्ही मात्रांचे मिळून वीस हजार रुपये वा अधिक लागतात. बहिणीच्या घरात पन्नाशीपुढील चार माणसे. म्हणजे एका दमात ऐंशी हजार. मुलाने सुचवले की पेटीत बर्फ घालून लस मुरबाडला आणवू. डॉक्टरांनी नकार दिला. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे, आणि बर्फाला लागून गोठली तर वाया गेली. त्यापेक्षा माणसाने कल्याणला जावे. मुरबाडहून एसटी आहे, शहापूरकरांना आसनगावहून लोकल आहे.

मग तो प्रश्न निघाला, जो जैन घरात निघणारच. लसीत काय आहे? बहिणीच्या जाऊबाईंनी तो विचारला आणि डॉक्टरांनी टाळला नाही. आधीच्या लसीत डुकरापासून केलेले जिलेटिन होते. अमेरिकेत ती २०२० मध्ये बंद झाली. शिंग्रिक्समध्ये जिलेटिन नाही. परंतु तिचे प्रथिन चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या लहान प्राण्याच्या पेशींत वाढवितात. त्या पेशी १९५७ साली एका मादीच्या बीजकोशातून घेतल्या गेल्या आणि तेव्हापासून प्रयोगशाळेत वाढत आल्या आहेत. प्रत्येक मात्रेसाठी नवा जीव मारला जात नाही. प्रतिकारशक्ती चेतविणारे दोन घटक आहेत. एक जिवाणूपासून शुद्ध केलेला, दुसरा दक्षिण अमेरिकेतील किलाया वृक्षाच्या सालीतून काढलेला, आपल्या रिठ्यासारखा फेस येणारा पदार्थ. ही लस विकसित होताना प्राण्यांवर प्रयोग झाले, हेही उघड आहे.

म्हणजे निखळ निर्दोष ती नाही. या वाचकवर्गाला संकल्पी हिंसा आणि उद्योगी हिंसा यांतील भेद शिकवण्याची गरज नाही. गोदामातील धान्यात कीड लागू नये म्हणून गोळ्या ठेवताना प्रत्येक भुसार व्यापारी त्या भेदाशी झगडतो. जाऊबाईंनी विचार करून लस घेणार नाही असे सांगितले. त्यांच्या निर्णयाचा मान राखला गेला, फक्त एक गोष्ट त्यांनी मान्य केली की पुरळ दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे आणि टोपणी नव्हे, गोळी मागायची. बहिणीचे म्हणणे निराळे होते. भावाने नऊ महिन्यांत जेवढी औषधे गिळली, त्यांतही जिलेटिन होते, त्यांच्यामागेही प्राण्यांवरील प्रयोग होते, आणि ती निवडण्याचे भान त्याला वेदनेत उरले नव्हते. निवड करायची तर शांत चित्ताने, आधीच. दोघी एकाच घरातल्या, एकाच उपाश्रयात जाणाऱ्या. दोघींनीही गुरुमहाराजांना विचारले होते.

घरातल्या चौघांपैकी पहिली मात्रा मधुमेही बहिणीला द्यायची असे ठरले; तिच्या पतीचा विचार दिवाळीनंतरच्या हिशेबात होईल. चौतीस वर्षांच्या सुनेला तिची गरज नव्हती. शेठजींनाही ती घेता येते, कारण एकदा नागीण झाली म्हणजे पुन्हा होत नाही असे नाही. पण चालू ठणक्यावर तिचा काहीही उपयोग नाही, म्हणून डॉक्टरांनी दुखणे आणखी निवळू देण्यास सांगितले.

ज्येष्ठात बहिणीने कल्याणला पहिली टोचणी घेतली. रात्री ताप भरला, दुसरा दिवस अंथरुणात गेला, तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात होती. भावाने फोनवर विचारले, "फार त्रास झाला का बाई?" ती म्हणाली, "भाईसा, तुमच्या एका रात्रीइतकाही नाही."

दुसऱ्या मात्रेची तारीख काढताना पंचांग समोर होते. श्रावण-भाद्रपद सोडला, पर्युषण सोडले. आश्विनात शुद्ध सप्तमीपासून नवपदाची ओळी बसते आणि तिची आयंबिले बहिणीने कधी चुकविलेली नाहीत. म्हणून शुद्ध तृतीया धरली. ताप आलाच तर ओळीपूर्वी उतरावा. वहीच्या शेवटच्या पानावर मुलाने ती तिथी लिहिली आणि तिच्याखाली, कोणी न सांगता, आपल्या मामांसाठीही एक ओळ मोकळी सोडली.